योगशिक्षकाची घडण

मुंबईच्या उपनगरांत योगवर्ग हे आता नित्याचे दृश्य झाले आहे. मुलुंड-घाटकोपरच्या गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्या, बोरिवली-अंधेरीच्या शाळांची सभागृहे, उद्यानांतील फरसबंद चौथरे अशा अनेक ठिकाणी सकाळी सहाच्या सुमारास सतरंज्या पसरल्या जातात आणि लोकल गाडी गाठण्यापूर्वीचा तास-पाऊण तास त्यावर व्यतीत होतो. या मंडळींसमोर जो शिक्षक उभा असतो तो कोण, तो कोठे शिकला आणि किती शिकला, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते. शाळेत गणिताचा शिक्षक नेमावयाचा तर पदवी पाहिली जाते, एस.टी.च्या चालकाकडून परवाना मागितला जातो. परंतु ज्याच्या शब्दावर विश्वासून साठीच्या घरातील माणूस मान वाकवितो किंवा श्वास रोखून धरतो, त्याच्या शिक्षणाविषयी चौकशी करण्याची रीत आपल्याकडे नाही. योग शिकविण्यासाठी कायद्याने परवाना लागत नाही. यास्तव योगशिक्षकाचा अभ्यासक्रम म्हणजे नेमके काय, तो कसा घडत आला आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या व्यक्तीकडून कोणती अपेक्षा बाळगावी, हे शाळा, ग्रामपंचायती व शासकीय कार्यालये यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

वेसावे येथील आरंभ

या विषयाचा इतिहास शोधू लागल्यास तो उपनगरातच सुरू होतो, ही बाब फारशी ज्ञात नाही. २५ डिसेंबर १९१८ रोजी वेसाव्याच्या समुद्रकिनाऱ्यावर, दादाभाई नौरोजी यांच्या निवासस्थानी, 'द योग इन्स्टिट्यूट' या संस्थेची स्थापना झाली. वेसावे हे त्यावेळी ठाणे जिल्ह्यातील कोळ्यांचे गाव होते. मुंबई उपनगर जिल्हा अस्तित्वात यावयास अद्याप दोन वर्षांचा अवकाश होता. २०१४ पासून घाटकोपरहून मेट्रो जेथे येऊन थांबते त्याच परिसरातील ही घटना होय.

संस्थापक श्री योगेंद्र यांचे मूळ नाव मणिभाई हरिभाई देसाई. १८९७ साली गुजरातेत जन्मलेला हा तरुण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकत असताना बडोद्याजवळील मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्या सहवासात आला. गुरूंच्या मागे आश्रमाची गादी चालविण्याऐवजी त्यांनी संसारी माणसाला योग शिकविण्याचा मार्ग पत्करला. आज हा निर्णय साधा वाटतो. तथापि त्या काळी योग ही अरण्यात राहणाऱ्या विरक्ताची विद्या समजली जात असे आणि गृहस्थाने तिच्या वाटेस जाऊ नये, अशी समजूत सुशिक्षितांतही रूढ होती. तेव्हा कचेरीत जाणाऱ्या, मुलाबाळांच्या माणसाला वेळापत्रकानुसार योग शिकविणे ही एक प्रकारची बंडखोरीच होती. १९१९ मध्ये ते अमेरिकेस गेले व न्यूयॉर्क राज्यातील हॅरिमन येथेही त्यांनी संस्था काढली. स्वदेशी परतल्यावर १९२७ साली त्यांनी विवाह केला. त्यांच्या पत्नी सीतादेवी योगेंद्र यांनी स्त्रियांसाठीच्या योगव्यायामावर १९३४ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. स्त्रियांना स्त्रीनेच शिकवावे, यासाठी शिक्षिका तयार व्हाव्यात, ही गरज त्यातून पुढे आली. उपनगरातील वर्गांत शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या स्त्रियांची आजची मोठी संख्या पाहता सीतादेवींच्या या कार्याची नोंद पतीच्या कार्याखाली झाकून टाकणे योग्य होणार नाही.

१९४८ मध्ये संस्था सांताक्रूझ पूर्व येथे स्थिरावली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे शिक्षक-प्रशिक्षणास व्यवस्थित रूप आले. श्री योगेंद्र यांचे १९८९ साली निधन झाले. त्यांचे पुत्र डॉ. जयदेव योगेंद्र यांनी व पुढे श्रीमती हंसा जयदेव योगेंद्र यांनी संस्थेची धुरा वाहिली. डिसेंबर २०१८ मध्ये संस्थेच्या शताब्दी सोहळ्याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते मुंबईत झाले. योगप्रसारासाठीचा २०१८ चा पंतप्रधान पुरस्कारही या संस्थेस व नाशिकचे विश्वास मंडलिक यांना मिळाला.

प्रयोगशाळा आणि कांदिवली

मालसरच्या त्याच गुरूंकडे शिकलेले दुसरे शिष्य म्हणजे स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली करणाऱ्या साधकाच्या पोटाची क्ष-किरण छायाचित्रे घेणे, नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात निर्माण होणारा दाब यंत्राने मोजणे, असे प्रयोग त्यांनी केले. प्राणायामाने शरीरास प्राणवायूचा मोठा अतिरिक्त पुरवठा होतो, ही लोकप्रिय समजूत त्यांनी मोजमापाच्या आधारे नाकारली आणि प्राणायामाचे महत्त्व अन्य कारणांत शोधले. ही हकीकत मुद्दाम नमूद करावयाची ती अशासाठी की, शंभर वर्षांनंतरही अनेक वर्गांतून नेमकी तीच समजूत शास्त्र म्हणून सांगितली जाते. ज्या शिक्षकाने आपल्या विषयातील संशोधनाचा इतिहास वाचलेला नाही, तो उत्साहाच्या भरात काहीही आश्वासन देऊन बसतो.

कैवल्यधामची मुंबईतील शाखा १९३२ मध्ये प्रथम सांताक्रूझ येथेच निघाली व १९३६ मध्ये चौपाटीनजीक गेली. त्याहून महत्त्वाची गोष्ट १९३७ नंतरची आहे. मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे होते. आणि १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी शासकीय संस्था सुरू झाली. शाळेत व्यायाम शिकविणाऱ्यासही स्वतंत्र प्रशिक्षण हवे, केवळ तालमीतला पैलवान किंवा सैन्यातून निवृत्त झालेला हवालदार पुरेसा नाही, हे तत्त्व शासनाने तेव्हा मान्य केले. मैदानावरील शिक्षकाबाबत जी गोष्ट १९३८ मध्ये पटली, ती योगशिक्षकाबाबत पटावयास पुढे कित्येक दशके लागली.

अभ्यासक्रमात काय असते

उमेदवाराची पहिली गैरसमजूत अशी असते की, अवघड आसने करता येणे म्हणजे शिक्षक होण्याची पात्रता. चांगला अभ्यासक्रम ही समजूत पहिल्याच आठवड्यात दूर करतो. पातंजल योगसूत्रांच्या चार पादांत मिळून १९५ च्या आसपास सूत्रे आहेत. त्यांपैकी आसनाच्या वाट्यास अवघी तीन आली आहेत. हठप्रदीपिकेत पंधरा आसने वर्णिली आहेत, घेरंड संहितेत बत्तीस. आज वर्गांत हमखास घेतला जाणारा सूर्यनमस्कार या हठग्रंथांत नाहीच; त्याचा शाळाशाळांतून प्रसार झाला तो औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या प्रयत्नाने. त्यामुळे सूर्यनमस्काराचे मोल कमी होत नाही. परंतु कोणती गोष्ट प्राचीन ग्रंथातील आणि कोणती विसाव्या शतकातील, हे शिक्षकास ठाऊक असावे. कपालभातीचेही तसेच आहे. तिची गणना ग्रंथांत शुद्धिक्रियांमध्ये, म्हणजे षट्कर्मांत होते. ती प्राणायाम नव्हे. वर्गात मात्र ती सर्रास प्राणायाम म्हणून, आणि तीही वेगाने, करून घेतली जाते.

ग्रंथांच्या जोडीला शरीररचना व शरीरक्रिया हा विषय येतो. कला शाखेच्या उमेदवारांना तो जड जातो, कारण मणके, सांधे, श्वसनपटल, रक्तदाब यांची माहिती शालेय शिक्षणानंतर पुसट झालेली असते. मात्र याच विषयात टाळाटाळ केलेली पुढे महागात पडते. त्यानंतर आहार, दिनचर्या, ध्यानाची ओळख, आणि प्रत्येक संस्थेची स्वतःची अशी एखादी बैठक. सांताक्रूझच्या संस्थेत सांख्य दर्शनातील बुद्धीच्या भावांपैकी धर्म, ज्ञान, वैराग्य व ऐश्वर्य या चार भावांना धरून आसनांची मांडणी केली जाते. कोणते आसन करताना मनाचा कल कोणता असावा, याचा तो विचार आहे. तेथील अभ्यासक्रम दोनशे तासांपासून नऊशे तासांपर्यंतचे आहेत.

अभ्यासक्रमाचा गाभा मात्र पाठ देण्याचा सराव हा होय, आणि अनेक ठिकाणी तोच सर्वांत पातळ असतो. पाठ देणे म्हणजे सुंदर आसन करून दाखविणे नव्हे. शिक्षक स्वतः आसनात गुंतला की त्याची नजर विद्यार्थ्यांवरून उठते. मागच्या रांगेतील गृहस्थांनी श्वास कोंडून धरला आहे, भिंतीजवळच्या बाईंचा गुडघा थरथरत आहे, हे पाहण्यासाठी त्याला उभे राहून, फिरून शिकविता आले पाहिजे. यासाठी सूचनेचे वाक्य लहान व नेमके लागते. आधी कोणता अवयव, मग कोणती दिशा, मग श्वास, असा क्रम ठरलेला असावा लागतो. शरीरास हात लावून दुरुस्ती करावयाची झाल्यास आधी परवानगी विचारावी लागते. पाठाचे टाचण काढावे लागते. अध्यापन पदविकेसाठी शिक्षक जसे काढतात तसेच. उमेदवार प्रथम सहाध्यायींना शिकवितो, मग खऱ्या वर्गात वरिष्ठ शिक्षकाच्या देखरेखीखाली दहा-पंधरा मिनिटे घेतो, नंतर पूर्ण वर्ग. वीस निरनिराळ्या वयांच्या, निरनिराळ्या दुखण्यांच्या माणसांपुढे उभे राहिल्यावर पहिल्या दिवशी पाठ केलेले सारे विसरते, हा बहुतेकांचा अनुभव असतो. तो अभ्यासक्रमाच्या आतच यावा, बाहेर पडल्यावर नव्हे.

तासांचे गणित

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव करून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन जाहीर केला आणि पुढील वर्षापासून तो साजरा होऊ लागला. शिक्षकांची मागणी एकाएकी वाढली व तिच्यामागोमाग अभ्यासक्रमांच्या जाहिरातीही. या गर्दीत काही शिस्त आणण्यासाठी २०१५ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेमार्फत योगशिक्षकांच्या ऐच्छिक प्रमाणनाची योजना आली आणि २०१८ मध्ये आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीत योग प्रमाणन मंडळ स्थापन झाले. या मंडळाच्या श्रेणींत पायरीपायरीने तास वाढत जातात : योग प्रोटोकॉल प्रशिक्षकासाठी २०० तास, योग वेलनेस प्रशिक्षकासाठी ४००, योगशिक्षक व मूल्यांकक या श्रेणीसाठी ८०० आणि योग मास्टरसाठी १६०० तासांचा अभ्यासक्रम अपेक्षित आहे. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकही होते. योगोपचार करणाऱ्यांच्या श्रेणी स्वतंत्र आहेत, हे विशेष ध्यानात घ्यावे. पहिल्या श्रेणीचे प्रमाणपत्र निरोगी माणसांना सामान्य योगाभ्यासक्रम, म्हणजे योग दिनी घेतला जातो तो सुमारे पाऊण तासाचा क्रम, शिकविण्यापुरते आहे. मधुमेह वा दमा यांवर उपचार करण्याची मुभा ते देत नाही.

दोनशे तासांचे माप आपल्या अनेक संस्थांत रुळले त्यामागे १९९९ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'योग अलायन्स' या संघटनेच्या नोंदणीचाही वाटा आहे. परदेशी जाऊ इच्छिणारे उमेदवार तिची नोंदणी मागतात. दोनशे तास म्हणजे किती? रोज आठ तासांप्रमाणे केवळ पंचवीस दिवस. म्हणून एका महिन्यात शिक्षक करून देण्याच्या जाहिराती निघतात. तास भरतात, यात शंका नाही. परंतु एखादा आसनक्रम अंगात मुरून त्यातील अडचणी स्वतःस जाणवावयास जो काळ जावा लागतो, तो अशा घाईत मिळत नाही. या दृष्टीने उपनगरांत रूढ असलेली शनिवार-रविवारच्या किंवा रोजच्या दोन-अडीच तासांच्या वर्गांची पद्धत, जी नोकरी व घर सांभाळून अनेक महिने चालते, ती निवासी पद्धतीपेक्षा उमेदवारासाठी अधिक हितावह म्हणावी लागेल. आठवडाभर घरी केलेला सराव, आलेली शंका आणि पुढच्या वर्गात तिचे निरसन, असा क्रम तीत आपोआप साधतो. अर्थात निवासी वर्गातील आहार-विहाराची शिस्त तीत नाही, आणि रविवार गेला की आठवड्याची विश्रांतीही जाते.

प्रमाणपत्राच्या या व्यवस्थेस समांतर अशी सेवाभावी परंपराही मुंबई-ठाणे पट्ट्यात आहे. ठाण्याचे अंबिका योग कुटीर हे तिचे ठळक उदाहरण. हठयोगी निकम गुरुजींनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या या कार्यात, वर्गात शिकून तयार झालेला साधकच पुढे विनामोबदला शिकवितो. ठाण्यातीलच घंटाळी मित्र मंडळानेही मराठीतून योगशिक्षक तयार करण्याचे काम दीर्घकाळ केले आहे. राज्याच्या अन्य भागांतील उमेदवारांना यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या योगशिक्षक अभ्यासक्रमाचा मार्ग नाशिकच्या संस्थांमुळे परिचित झाला. सेवाभावी शिक्षकापाशी अनेकदा कागद नसतो, पण वीस वर्षांचा अनुभव असतो. महिनाभराच्या अभ्यासक्रमातून आलेल्यापाशी कागद असतो. नेमणूक करणारे अधिकारी केवळ कागद पाहतील तर पहिल्यावर अन्याय होईल, आणि कागद पाहणारच नाहीत तर विद्यार्थ्यांवर. अनुभवी साधकांनी प्रमाणन परीक्षेस बसावे, हा यातील व्यवहार्य मार्ग दिसतो.

धोका कोठे असतो

योगाने कोणाचे नुकसान होत नाही, हे विधान प्रशिक्षित शिक्षक कधीही करीत नाही. काचबिंदू असलेल्या माणसाने शीर्षासन केल्यास डोळ्यातील दाब वाढतो. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यास दीर्घ कुंभक व वेगवान कपालभाती वर्ज्य समजावी. कमरेच्या मणक्यातील चकती सरकलेली असताना जोराने पुढे वाकणे, मानेच्या मणक्याचे दुखणे असताना हलासन वा सर्वांगासन, हर्निया असताना किंवा पोटाची शस्त्रक्रिया ताजी असताना उड्डियान, गरोदरपणी पोटावर दाब आणणारी कोणतीही क्रिया, या सर्व ठिकाणी नकार देता आला पाहिजे. उपनगरातील प्रौढांच्या वर्गात यांपैकी दोन-तीन तक्रारी तरी हमखास आढळतात. रोजचा दोन-तीन तासांचा उभ्याने प्रवास आणि दिवसभराची बैठी नोकरी यांनी कंबर व मान आधीच थकविलेली असते. म्हणून प्रवेशाच्या वेळी वय, आजार, शस्त्रक्रिया व चालू औषधे यांची नोंद करून घेणे, शंका असल्यास डॉक्टरांचा सल्ला आणावयास सांगणे, आणि योगामुळे औषध बंद करा असे कदापि न सांगणे, या गोष्टी अभ्यासक्रमात शिकविल्या जातात. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे. विद्यार्थ्यालाच ती ऐकावयाची असते. गोळी सुटावी म्हणूनच तो वर्गास आलेला असतो. रक्तदाब उतरला असेल तर गोळीचे प्रमाण डॉक्टर कमी करतील, हे त्याला पुनःपुन्हा सांगावे लागते.

शाळा व ग्रामपंचायतींसाठी

शाळेत योग दिनापुरता किंवा वर्षभरासाठी शिक्षक बोलाविताना मुख्याध्यापकांनी, तसेच आयुष आरोग्य केंद्रातील किंवा गावच्या व्यायामशाळेतील वर्गांसाठी पंचायत सदस्यांनी, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे व किती तासांचे आहे, ते प्रमाणन मंडळाच्या कोणत्या श्रेणीचे आहे, देखरेखीखाली किती पाठ दिले, आणि उमेदवार स्वतः किती वर्षे नियमित अभ्यास करीत आहे, एवढे अवश्य विचारावे. त्याहून उत्तम म्हणजे प्रत्यक्ष एक वर्ग घ्यावयास सांगून मागे बसून पाहावे. उमेदवार प्रथम लोकांच्या दुखण्यांची चौकशी करतो की थेट आसन सुरू करतो, यावरून निम्मी परीक्षा होते. मुले व वृद्ध यांना एकाच क्रमाने शिकविणारा शिक्षक नाकारावा. मुलांना स्थिर बसविण्यापेक्षा हालचालीचे क्रम अधिक भावतात, तर वृद्धांना खुर्चीच्या आधाराने करावयाचे प्रकार माहीत असणारा शिक्षक लागतो.

भाषेचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. उपनगरांतील बरेचसे प्रशिक्षण इंग्रजी किंवा हिंदीतून चालते. तेथून शिकून आलेला शिक्षक तालुक्याच्या गावी गेल्यावर 'इनहेल', 'एक्सहेल', 'स्पाइन', 'होल्ड' हेच शब्द वापरू लागतो आणि समोरच्या आजीबाई शेजारणीकडे पाहून पाहून हात वर-खाली करीत राहतात. श्वास घ्या, श्वास सोडा, पाठीचा कणा ताठ ठेवा, टाचा जुळवा, हनुवटी छातीकडे आणा, जमेल तेवढेच करा, दुखले तर थांबा : एवढ्या साध्या सूचनांनी पाऊण तासाचा वर्ग पार पडू शकतो. मराठी भाषक उमेदवारांनी आपल्या पाठांची टाचणे प्रशिक्षणाच्या काळातच मराठीत तयार करून ठेवावीत व किमान एक-दोन सराव-पाठ मराठी वर्गासमोर द्यावेत. उपनगरात असे वर्ग शोधावयास दूर जावे लागत नाही. महिला मंडळे व ज्येष्ठ नागरिक संघ बहुतेक प्रत्येक विभागात आहेत, आणि सराव-पाठासाठी दुपारची जागाही त्यांच्याकडे बहुधा मोकळी असते.